मोटारीच्या मूळ स्क्रीनला मीडिया प्लेअर जोडणे

कारखान्यातूनच डॅशबोर्डमध्ये बसून आलेल्या स्क्रीनवर बाहेरच्या साधनातील चित्र आणि ध्वनी आणण्याची ही तांत्रिक व्यवस्था आहे. असे साधन म्हणजे डीव्हीडी प्लेअर, पेनड्राइव्हवर चालणारा छोटा प्लेअर, अँड्रॉइड बॉक्स किंवा फोन. घरच्या टीव्हीला प्लेअर जोडताना केबल खोचली की काम भागते. मोटारीत तसे भागत नाही, कारण येथील स्क्रीन ही स्वतंत्र वस्तू नसून हेड युनिट नावाच्या संगणकाची केवळ दर्शनी बाजू असते, आणि तिच्यावर केव्हा काय दिसावे हे तो संगणकच ठरवतो. म्हणून या कामातील खरी अडचण चित्र स्क्रीनपर्यंत नेण्याची नसते. हेड युनिटकडून ते स्वीकारून घेण्याची असते.

पूर्वी हा प्रश्न उद्भवतच नसे. जर्मन ‘डिन’ मानकातून आलेली, १८० मिमी रुंद आणि ५० मिमी उंच अशी खाच बहुतेक गाड्यांत असे. जुना डेक (रेडिओ-कॅसेटचा संच) ओढून काढायचा आणि त्याच जागी नवा सरकवायचा, एवढेच काम असे. १९८६च्या ब्यूइक रिव्हिएरात स्पर्शाने चालणारी, कॅथोड किरण नळीची स्क्रीन आली. १९९०च्या युनोस कॉस्मोत उपग्रहाधारित मार्गदर्शन स्क्रीनवर दिसू लागले. पण निर्णायक बदल २००१च्या बीएमडब्ल्यू सातव्या मालिकेने घडवला. त्या गाडीत रेडिओ, नकाशा, वातानुकूलन आणि गाडीच्या सेटिंग्ज एकाच स्क्रीनवर आल्या आणि मनोरंजनाची उपकरणे प्रकाशीय तंतूच्या एका कड्यात ओवली गेली. अशा कड्यातला एक घटक काढला की कडे तुटते आणि सगळी व्यवस्था मुकी होते. साहजिकच डेक बदलण्याऐवजी मूळ स्क्रीन राखून तिच्यात बाहेरचे चित्र शिरवण्याकडे कल वळला. पुढे अमेरिकेत मे २०१८पासून नव्या हलक्या वाहनांना मागचा कॅमेरा बंधनकारक झाला आणि तेथील स्वस्त गाड्यांतही कॅमेऱ्याच्या निमित्ताने स्क्रीन पोहोचली.

हेड युनिटला मुळातच एव्ही इनपुट, म्हणजे बाहेरचे चित्र आणि ध्वनी आत घेणारी जोडणी, असेल तर काम सर्वांत सोपे असते. त्यासाठी पिवळा, पांढरा आणि लाल असे तीन आरसीए सॉकेट किंवा चार भागांच्या पिनचा ३.५ मिमी जॅक दिलेला असतो. या जॅकमध्ये एक फसगत आहे : पिनेच्या कोणत्या भागावर चित्र आणि कोणत्या भागावर अर्थिंग, याबाबत सर्व उत्पादकांचे एकमत नाही, त्यामुळे दिसायला तंतोतंत सारखी असलेली केबल लावूनही स्क्रीन काळी राहते आणि स्पीकरमधून नुसती गुरगुर ऐकू येते. दुसरी अडचण प्रसारण पद्धतीची असते. भारतात १९८२ मध्ये रंगीत दूरदर्शन आले ते ६२५ रेषांच्या पाल पद्धतीचे, तर जपान आणि अमेरिकेतील एनटीएससी पद्धत ५२५ रेषांची आहे. पद्धत जुळली नाही तर चित्र कृष्णधवल दिसते किंवा सारखे वरखाली घसरत राहते. अलीकडची बहुतेक युनिट पद्धत आपणहून ओळखतात.

एव्ही इनपुट नसेल तेव्हा काही फिटर मागच्या कॅमेऱ्याच्या इनपुटचा आधार घेतात. रिव्हर्स गिअर पडताच मागच्या दिव्याचा १२ व्होल्टचा प्रवाह हेड युनिटला इशारा देतो आणि स्क्रीनवर कॅमेऱ्याचे चित्र येते. तोच इशारा एका बटणाने खोटा द्यायचा आणि कॅमेऱ्याच्या जागी प्लेअर जोडायचा, अशी ही युक्ती आहे. ती स्वस्त आहे, पण चांगली नाही. गाडी खरोखर मागे घेताना मागचे काही दिसत नाही. अनेक गाड्यांत रिव्हर्सच्या वेळी आवाज दाबला जात असल्याने चित्रपट मूक होतो. आणि गिअरची माहिती जेथे वेगळ्या तारेने न येता कॅन या माहितीवाहिनीतून येते तेथे खोट्या इशाऱ्याला युनिट दादच देत नाही. हाच मार्ग घ्यायचा झाल्यास रिव्हर्स पडताच आपोआप कॅमेऱ्याला अग्रक्रम देणारा स्विच मध्ये असणे अत्यावश्यक ठरते.

तांत्रिकदृष्ट्या नेटका मार्ग व्हिडिओ इंटरफेसचा आहे. हेड युनिट आणि स्क्रीन यांच्यामध्ये बसणारी ही छोटी पेटी एरवी मूळ चित्र जसेच्या तसे पुढे पाठवते आणि सांगितल्यावर त्याच्या जागी प्लेअरचे चित्र लावते. जुन्या गाड्यांत या दोहोंमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे वेगवेगळे अ‍ॅनालॉग संकेत असत. नंतर एलव्हीडीएस पद्धत रुळली, जिच्यात पिळलेल्या जोडतारांमधील सुमारे ३५० मिलिव्होल्टच्या फरकावर चित्र वाहते. स्क्रीन जितक्या बिंदूंची असेल, उदाहरणार्थ ८०० × ४८०, तितक्याच बिंदूंचे चित्र त्याच तालात द्यावे लागते. त्यासाठी पेटीवर बारीक स्विचांची ओळ असते. त्यांतला एक जरी चुकला तरी चित्र एका कडेला सरकते, तिरके फाटते किंवा येतच नाही. प्लेअर आणि गाडी यांच्यातील अदलाबदल स्टिअरिंगवरचे किंवा डॅशबोर्डवरचे एखादे मूळ बटण दाबून धरल्यावर होते, कारण त्या बटणाचा संदेश पेटी कॅन वाहिनीवरून वाचत असते. प्लेअर एचडीएमआयचा असेल तर एचडीसीपी ही नक्कलविरोधी कुलूपव्यवस्था आडवी येऊ शकते; पेटीला तिची ओळख नसेल तर संरक्षित चित्रपट दिसत नाही.

प्रत्यक्ष कामात प्लास्टिकच्या पट्टीने डॅशबोर्डची किनार उचकटतात, स्क्रू काढून स्क्रीन पुढे घेतात आणि मागचा कपलर, म्हणजे तारांना जोडणारा प्लास्टिकचा प्लग, त्याची खिटी दाबून सोडवतात. तो कपलर पेटीत जातो आणि पेटीची तार स्क्रीनमध्ये जाते. मूळ तार कुठेही कापावी लागत नाही, म्हणून अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानांत या प्रकाराला ‘कपलर टू कपलर’ म्हणतात आणि वॉरंटीच्या काळातील गाडीचा मालक नेमका तोच आग्रह धरतो. पेटी ग्लोव्ह बॉक्सच्या मागे ठेवताना तिला कापडी टेप गुंडाळणे हा चांगल्या फिटरचा शिरस्ता आहे. नाहीतर पहिल्याच खराब रस्त्यावर खडखड सुरू होते. विजेची तार चावी फिरवल्यावरच प्रवाह मिळेल अशा एसीसी जोडणीवर, फ्यूज मध्ये घालून घ्यावी लागते. ती कायम प्रवाहाच्या तारेवर घेतली तर उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

असा इंटरफेस साधारणपणे फक्त चित्र हाताळतो. ध्वनीसाठी ऑक्स जॅक, ब्लूटूथ किंवा एफएम ट्रान्समीटर यांची वेगळी सोय करावी लागते. ब्लूटूथने आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि पात्रांच्या ओठांशी जुळत नाही. तारेने जोडल्यास कधीकधी इंजिनाच्या गतीबरोबर चढत जाणारी शीळ ऐकू येते. प्लेअर आणि हेड युनिट यांचे अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी असल्याने अल्टरनेटरचा (इंजिनावर चालणाऱ्या वीजनिर्मिती यंत्राचा) गोंगाट ध्वनीच्या तारेत शिरतो, हे तिचे कारण असते. दोहोंचे अर्थिंग एकाच बिंदूवर घेतल्यास ती बहुधा थांबते.

गाडी चालू असताना चालकासमोर चित्रपट दिसू नये, यासाठी हेड युनिट हँडब्रेकची तार किंवा चाकांच्या वेगाचा संदेश तपासते. ब्रिटनच्या १९८६च्या वाहनरचना नियमांतील नियम १०९ नुसार गाडीची स्थिती, तिचे ठिकाण, मार्गदर्शन आणि सभोवतालचे दृश्य यांखेरीज इतर काही दाखवणारी स्क्रीन चालकाला दिसेल अशी ठेवता येत नाही. हे बंधन चुकवण्यासाठी वेग शून्य असल्याची थाप हेड युनिटला मारणारी उपकरणे विकली जातात. परंतु वेगाचा तोच संदेश मार्गदर्शनालाही लागत असल्याने काही गाड्यांत नकाशावरचा बाण मागे रेंगाळू लागतो. मागच्या प्रवाशांसाठी वेगळी स्क्रीन लावणे हा त्याहून सरळ उपाय आहे.

२०१४ मध्ये अ‍ॅपल कारप्ले आणि २०१५ मध्ये अँड्रॉइड ऑटो गाड्यांत आले, तेव्हा हेड युनिटने फोनसाठी अधिकृत दार उघडले. फोन स्वतः रचलेले दृश्य दाबलेल्या व्हिडिओच्या रूपात पाठवतो आणि स्क्रीनवरील बोटाचा स्पर्श त्याच वाटेने परत येतो. चालत्या गाडीत चित्रपट दाखवण्यास मात्र या दोन्ही व्यवस्थांत मुभा नाही. बाजारात ‘एआय बॉक्स’ म्हणून मिळणारे अँड्रॉइडचे डबे याच दारातून आत येतात : यूएसबीला लावल्यावर डबा आपण आयफोन असल्याचे भासवतो आणि कारप्लेच्या नावाखाली स्वतःचे चित्र पाठवतो. त्यासाठी डॅशबोर्ड खोलावा लागत नाही, पण गाडीत मुळात कारप्ले असावे लागते. ज्या जुन्या गाड्यांत ते नाही, त्यांचे काम अजूनही स्क्रीनमागच्या कपलरपाशीच होते.