पाच पानांचा पाऊस

आमच्या पुस्तक भिशीचा रिवाज असा: दर महिन्याला एकाने पुस्तक सुचवायचं, बाकीच्यांनी वाचून यायचं आणि मग चहा-पोह्यांवर त्याची चिरफाड करायची. पैशांच्या भिशीत होतात तशी भांडणं इथे होत नाहीत. "तुमचं बरोबरच आहे, पण..." अशी सुरुवात करून समोरच्याचं म्हणणं सभ्यपणे मोडीत काढायचं, एवढंच. गेल्या पावसाळ्यात मात्र एका कादंबरीवरून जरा जास्तच रंगलं. कादंबरीचं नाव सांगत नाही, नाहीतर तोच वाद इथेही सुरू होईल. गोष्ट कोकणातली, आणि मध्यावर सलग पाच पानं पाऊस पडतो. नुसता पाऊस. कौलांवर, पागोळ्यांतून, आगरात, व्हाळात.

पुस्तक वहिनींनी सुचवलेलं. अण्णा, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले आमचे ज्येष्ठ सभासद, म्हणाले, "वहिनी, पुस्तक चांगलंच आहे. पण ती पाच पानं मी सरळ उलटली. पाऊस पडतोय हे एका ओळीत कळलं की."

"अहो अण्णा, ती पानं म्हणजे तर खरं पुस्तक! मला ते अख्खं घर डोळ्यांसमोर उभं राहिलं. पडवी, अळवाच्या पानावरचा थेंब, सगळं."

"उभं राहिलं म्हणजे?"

"म्हणजे दिसलं."

अण्णांनी कप खाली ठेवला. "खरंच दिसलं?"

त्यानंतर कादंबरी बाजूलाच राहिली. अण्णांचा आयुष्यभर समज होता की 'डोळ्यांसमोर उभं राहणं' हा नुसता वाक्प्रचार आहे. पोटात कावळे ओरडतात म्हणून कोणी पोटात घरटं शोधत नाही, तसंच हेही. आपल्याकडे दर दुसऱ्या पुस्तक परीक्षणात 'लेखकाने हुबेहूब चित्र उभे केले आहे' हे वाक्य असतंच, आणि ते वाचून अण्णा इतकी वर्षं 'बरं लिहिलंय' एवढाच अर्थ घेत आले. इकडे वहिनींना धक्का वेगळाच. डोळे मिटल्यावर कोणाला काहीच दिसत नाही, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

वाचनाच्या आवडीनिवडीवरून वाद होतात तेव्हा आपण समोरच्याच्या संयमावर, संस्कारांवर, फार तर शिक्षणावर घसरतो. 'तुला वर्णनाची गोडीच नाही' किंवा 'तुला नुसतं फुलंफुलं लागतं'. दोघांच्या डोक्यात पान वाचताना घडतं तेच मुळात वेगळं असेल, ही शक्यता कोणी धरत नाही.

हा गोंधळ जुना आहे. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञाने १८८० साली आपली एक प्रश्नावली छापून प्रसिद्ध केली. आज सकाळचं न्याहारीचं टेबल मनात आणा, उजेड कसा आहे, कडा स्पष्ट आहेत का, रंग दिसतात का, ते सांगा. काहींनी लिहिलं, प्रत्यक्ष पाहावं तसं दिसतं. काहींनी, त्यातही त्याच्या काही शास्त्रज्ञ मित्रांनी, मनात चित्र दिसणं ही भाकडकथा आहे असं कळवलं. गॉल्टनने लगेच निष्कर्ष काढला की शास्त्रज्ञांना चित्रं दिसत नाहीत. पुढे २००६ साली हे पुन्हा तपासलं गेलं तेव्हा ते काही टिकलं नाही. (याच गृहस्थाने सुप्रजननशास्त्र, म्हणजे 'चांगली' माणसं निवडून त्यांचीच पैदास वाढवायची, हा घातक प्रकारही जगाच्या माथी मारला, घाईने निष्कर्ष काढायची सवय होतीच.)

मग जवळजवळ शंभर वर्षं फारसं काही नाही. १९७३ साली मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मार्क्स यांनी सोळा प्रश्नांची एक चाचणी तयार केली, ती आजही चालते. ओळखीच्या माणसाचा चेहरा, उगवता सूर्य, नेहमी जाता ते दुकान, झाडं-डोंगर-तळं असा देखावा. प्रत्येकाला १ ते ५ गुण, त्यामुळे बेरीज १६ ते ८०. आम्ही भिशीतच ती करून पाहिली. वहिनी ७६. मी ५१. अण्णा १६, म्हणजे शून्यच म्हणायचं.

या अवस्थेला नाव मिळालं ते २०१५ साली. त्याआधी ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ अ‍ॅडम झेमन यांच्याकडे पासष्ट वर्षांचे एक निवृत्त सर्वेक्षक आले होते. हृदयावरच्या एका उपचारानंतर त्यांची मनातली चित्रं अचानक बंद पडली होती. २०१० साली ती हकीकत छापून आली आणि लोकांची पत्रं येऊ लागली, की आमचं तर जन्मापासून असंच आहे! अशा एकवीस जणांवरून झेमन यांनी 'अफँटेशिया' हा शब्द घडवला. 'फँटेशिया' हा अ‍ॅरिस्टॉटलचा शब्द, मनातल्या चित्रांसाठीचा; त्याला नकाराचा 'अ' जोडला, आपल्या संस्कृतातल्यासारखाच. काहीच न दिसणारे शंभरात सुमारे एक, आणि अंधुकच दिसणारे धरले तर चारेक.

आता खरी अडचण. अण्णा म्हणतात दिसत नाही, वहिनी म्हणतात दिसतं. कशावरून? माझा ४ आणि तुमचा ४ एकच कशावरून? कदाचित दोघांनाही सारखंच काहीतरी होत असेल आणि वहिनी त्याला 'दिसणं' म्हणत असतील, अण्णा 'कळणं'. दुसऱ्याच्या डोक्यात डोकावायला खिडकी नाही. पण सिडनीचे मेंदूशास्त्रज्ञ जोएल पीअर्सन यांनी एक युक्ती वापरली, आणि हा लेख मी लिहायला घेतला तो खरं तर या युक्तीपायी.

तिचा पूर्वार्ध तुम्ही घरी करू शकता. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा चष्मा कापा. एका डोळ्यावर लाल जिलेटीन पेपर, दुसऱ्यावर हिरवा. उजेडातल्या पांढऱ्या भिंतीकडे टक लावून बघा. भिंत लाल-हिरव्याचं मिश्रण दिसायला हवी ना? होतं असं की ती काही क्षण लालसर दिसते, मग हिरवट पसरत येतं, मग पुन्हा लाल. मधेच ठिगळं पडतात, कोणाला थोडा वेळ पिवळटही वाटतं. पण डोळे तेच, भिंत तीच, आणि दिसणं मात्र आपोआप पालटत राहतं. याला दोन डोळ्यांची चढाओढ म्हणू.

कारण असं. दोन्ही डोळ्यांकडून आलेले संदेश मेंदूच्या मागच्या भागात, झोपताना उशी टेकते साधारण तिथे, दृष्टिकेंद्रात पोचतात. नेहमी दोन्ही डोळ्यांचं म्हणणं जवळपास एकच असतं, म्हणून ते जुळवून एक चित्र होतं. पण एक डोळा 'लाल' आणि दुसरा 'हिरवा' म्हणू लागला, तर तडजोड होत नाही. लालच्या बाजूच्या चेतापेशी हिरव्याच्या पेशींना दाबतात आणि हिरव्याच्या लालला. एकाच माइकसाठी झटणारे दोन वक्ते डोळ्यांसमोर आणा (अण्णा, क्षमस्व). ज्याच्या हातात माइक, तो दुसऱ्याला बोलू देत नाही. पण बोलून बोलून त्याचा घसा बसतो, दाब सैल होतो आणि दुसरा माइक हिसकावतो. आता त्याचा घसा बसेपर्यंत तो.

आता हीच चढाओढ सेकंदाहूनही कमी वेळ दाखवली तर? घसा बसायला वेळच नाही. पहिल्यांदा माइक मिळेल तोच जिंकला. एका डोळ्याला लाल आडव्या रेघा, दुसऱ्याला हिरव्या उभ्या. क्षणभर दाखवून काढून घ्यायच्या. बघणाऱ्याला बहुधा एकच दिसतं, आणि कुठलं ते जवळजवळ नाणेफेकीसारखं. पण त्याआधी काही सेकंद लाल रेघांचं एक फिकट चित्र दाखवलेलं असेल, तर लालची जिंकायची शक्यता वाढते. फिकट चित्राने त्या पेशींना आधीच थोडं जागं करून ठेवलेलं असतं.

पीअर्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ते फिकट चित्रच काढून टाकलं. फक्त एक अक्षर दाखवायचं, लाल की हिरवा ते सांगणारं. त्या रेघा काही सेकंद मनात आणा. मग चढाओढीची झलक. कुठली दिसली? ज्यांना मनात चित्र दिसतं, त्यांच्या बाबतीत कल्पनेतला रंग नाणेफेकीपेक्षा जास्त वेळा जिंकला. म्हणजे कल्पनेने खऱ्या दिसण्याला हलका धक्का दिला.

तुम्ही म्हणाल, लोक ठोकून देत असतील: लाल आठवायला सांगितलं, मग लालच दिसलं म्हणायचं. त्यासाठी मधूनमधून खोटे सामने ठेवले होते. त्यात दोन्ही डोळ्यांना एकच चित्र, अर्धं लाल, अर्धं हिरवं. तिथे चढाओढच नाही, त्यामुळे कल्पनेचा परिणाम व्हायचं कारणच नाही. तरी कोणी कल्पनेतलाच रंग सांगू लागला तर तो पकडला जातो. आणखी एक सुंदर गोष्ट: कल्पना करताना मागचा पडदा उजळ ठेवला, तर परिणाम फिका पडतो. मनात नुसता 'लाल' हा शब्द घोळवायला उजेडाची काय अडचण? पण चित्र जर त्याच दृष्टिकेंद्रात बनत असेल, तर बाहेरचा उजेड त्यावर पाणी फिरवणारच. काही आठवताना आपण कोऱ्या भिंतीकडे बघतो किंवा डोळे मिटतो, ते उगीच नाही.

मग २०१८ साली हाच खेळ अफँटेशिया असलेल्या पंधरा जणांना दिला. कल्पनेचा धक्का नाहीच. नाणेफेक ती नाणेफेकच. अण्णा खोटं बोलत नव्हते आणि शब्दांचा घोळही नव्हता.

इथून पुढचा परिच्छेद जड आहे, पण मला आवरत नाही. दृष्टिकेंद्रावर बाहेरून चुंबकीय ठोका दिला की डोळे मिटलेले असतानाही प्रकाशाचे ठिपके दिसतात. किती हलक्या ठोक्याला ठिपका दिसतो, यावरून ते केंद्र किती उतावीळ आहे ते मोजता येतं. वाटेल की उतावीळ केंद्राची चित्रं ठळक असतील. निघालं उलटं: केंद्र जितकं शांत, तितकी मनातली चित्रं जोरकस. एक खुलासा असा की उतावीळ केंद्रात पार्श्वभूमीची खरखर जास्त. रेडिओवर खरखर असेल तर लांबच्या स्टेशनचा क्षीण आवाज बुडतो, तसा मेंदूच्या पुढच्या भागाकडून मागे येणारा कल्पनेचा क्षीण संदेश त्यात बुडतो. हा खुलासा शेवटचा नव्हे, पण मला पटतो.

वाचकांच्या कामाची गोष्ट २०२१ सालची. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर एकेक वाक्य येतं: तुम्ही समुद्रात पोहताय, पाण्यात काळी सावली, शार्क. वाचणाऱ्याच्या बोटांवर घाम किती येतो ते यंत्र मोजतं. चित्रं दिसणाऱ्या २४ जणांचा आलेख गोष्टीबरोबर चढत गेला. न दिसणाऱ्या २२ जणांचा जवळपास सपाट. मग दोघांनाही भीतिदायक फोटो दाखवले, तेव्हा दोघांनाही घाम. म्हणजे भीती दोघांकडे आहे. शब्दापासून भीतीपर्यंतच्या वाटेवरची एक पायरी एकाकडे नाही. अंगावर काटा आणणारं पुस्तक अण्णांच्या अंगावर काटा का आणत नाही, हे मला त्या आलेखावरून जितकं कळलं तितकं तीन वर्षांच्या भिशीतून कळलं नव्हतं.

यावरून कोणी 'मनातली चित्रं वाढवण्याचे' क्लास काढू नयेत म्हणजे मिळवली. मुलांचा 'मिड ब्रेन' जागा करून डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारे वर्ग आपल्याकडे होऊन गेलेच आहेत. नाकाच्या कडेने पट्टीत राहणारी फट नीट बुजवली की ही दिव्यशक्ती लगेच मावळते, हे अंनिसच्या कार्यकर्त्यांनी कधीच सांगून ठेवलंय. हजारो रुपये भरून मूल शिकतं काय, तर फटीतून डोकावणं आणि त्याबद्दल गप्प बसणं.

आणि अफँटेशिया हा काही आजार नाही. अ‍ॅनिमेशन चित्रपट काढणाऱ्या पिक्सारचे सहसंस्थापक एड कॅटमल यांना मनात काहीच दिसत नाही, हे त्यांनी स्वतः सांगितलंय. संगणकावर वक्र पृष्ठभाग काढायच्या पद्धतींत त्यांचं मोठं काम आहे. अशा अनेकांना स्वप्नं मात्र चित्रांत पडतात. वाचनाचं म्हणाल, तर २०२४ सालच्या एका अभ्यासात अशा वाचकांची गोष्टीत समरसता कमी दिसली, पात्रांविषयीचा जिव्हाळाही कमी, पण गोष्ट एकंदरीत आवडली का, यात फरक नव्हता. म्हणजे 'चित्र नाही म्हणून वाचन नाही' हे माझं सोपं गणित चुकलं. अण्णा आमच्यात सगळ्यांत जास्त वाचतात, हे तर समोरच होतं.

मग अण्णांना वाचताना काय होतं? वहिनींनी पुढच्या बैठकीत विचारलंच.

"ऐकू येतं," अण्णा म्हणाले. "त्या कादंबरीतला मामलेदार कोल्हापूरचा सांगितलाय ना? तिसऱ्या प्रकरणात तो चक्क पुण्यासारखा बोलतो. तुमच्या लक्षात आलं नाही?"

आमच्यापैकी कोणाच्याच आलं नव्हतं. वहिनींनी पुस्तक उघडून ते पान काढलं, दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "अय्या, हो की."

या महिन्याचं पुस्तक अण्णांनी सुचवलंय. नाटक आहे, सगळे संवादच. वहिनींची तक्रार आत्ताच फोनवर आली, की घर कसं आहे याचा यात पत्ताच नाही.

"आहे की, वहिनी," अण्णा म्हणाले म्हणे. "पहिल्याच पानावर. 'दिवाणखाना. डावीकडे एक दार, उजवीकडे एक दार.' आणखी काय पाहिजे?"