सराफा आणि भस्म आरती एकाच रात्री नको

उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर, मांडूसाठी आमच्याकडून गाडी घेणाऱ्यांना

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: “चार दिवस आहेत, काय काय होईल?” आम्ही उलट विचारतो, रात्री किती? कारण बेताच्या यादीत हमखास एक ओळ असते: “रात्री सराफा, तिथूनच उज्जैन, भस्म आरती, मग ओंकारेश्वर.” (सराफा म्हणजे इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार, भस्म आरती उज्जैनच्या महाकाल मंदिरातली पहाटेची.) आमच्या गाड्यांचा आणि तुमच्या सहलीचा सगळ्यात जास्त वेळ या ओळीने खाल्ला आहे.

उज्जैन इंदूरहून 55 किलोमीटर, म्हणून तिथे मुक्काम कशाला, असं वाटतं. पण हिशेब मांडून बघा. सराफ्यात सोन्याचांदीची दुकानं बंद झाल्यावर खाण्याच्या गाड्या लागतात, रंग चढतो दहानंतर. भुट्ट्याचा कीस, गराडू, शेवटी जलेबा. गाडीत बसेपर्यंत साडेबारा. उज्जैनला पोचायला पावणेदोन, मग पार्किंग, मग रांग. आरती पहाटे 4 ला, श्रावणात त्याहून लवकर. बाहेर पडता पडता उजाडतं. तोवर तुम्ही जागे आणि आमचा ड्रायव्हरही जागा. त्यानंतर त्याने ओंकारेश्वरच्या वाटेवर सिमरोलपुढच्या घाटात ट्रकांमागे गाडी चालवायची? आम्ही पाठवत नाही. यावरून दोन-तीन बुकिंगं गेलीही, जाऊ देत.

मागे डिसेंबरात ठाण्याच्या एका कुटुंबाने हट्टाने हाच बेत केला. पिंडीवर भस्म चढताना बायकांनी पदर पुढे ओढून घ्यायचा असतो. त्यांच्यातल्या एक काकू पदराआड गेल्या त्या तशाच झोपल्या, थेट घंटा-झांजांनीच जाग आली. हे त्यांनीच परतीच्या वाटेवर हसत सांगितलं. ओंकारेश्वर मात्र त्या खेपेला राहिलं.

तेव्हा इंदूरची रात्र वेगळी, उज्जैनची वेगळी. उज्जैनला दुपारपर्यंत पोचा, संध्याकाळी हरसिद्धीच्या देवळातल्या दीपमाळा बघा आणि आठ-नऊला चक्क झोपा. हॉटेल महाकालच्या देवळापासून चालत जाण्याजोगं घ्या. मग आरतीला गाडीच लागत नाही आणि ड्रायव्हरची झोप पुरी होते. परत येऊन तुम्ही तासभर पडा, काळभैरव करा, की दहा-अकराला गाडी निघायला तयार. आरतीचं बुकिंग मात्र आधी करून ठेवा, त्याची तारीख मिळाली की बाकीच्या रात्री तिच्याभोवती बसवता येतात.

पुढचं सोपं आहे. चार रात्री असतील तर इंदूर, उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर अशी एकेक. तीनच असतील तर ओंकारेश्वरचा मुक्काम सोडा, दर्शन वाटेत होतं. महेश्वरची रात्र सोडू नका. दुपारी दोन तासांत किल्ला आणि अहिल्याबाईंचं देवघर बघून निघालेले लोक “छान आहे” म्हणतात. सूर्य कलल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर बसलेले पुढच्या वर्षी परत येतात. साडी घ्यायची असेल तर सकाळी, उजेडात, माग चालू असताना.

मांडूला मुक्काम लागत नाही, पण अर्धा दिवस पूर्ण द्या. जहाज महाल आणि रूपमतीचा मंडप यांत पाच-सहा किलोमीटर अंतर आहे, हे बऱ्याच जणांना तिथे गेल्यावर कळतं. महेश्वरहून सकाळी सातला निघालात तर मांडू बघून तीनपर्यंत इंदूर, मुंबईची संध्याकाळची अवंतिका एक्सप्रेस आरामात. पावसाळ्यात येत असाल तर वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवा आणि मांडूलाच एक रात्र काढा.

“नाईट हॉल्टचे पैसे लावायला मुक्काम वाढवता का?” असंही विचारतात. हॉल्टचा भत्ता ड्रायव्हरच्या हातात जातो. आणि रात्रीतून इंदूर-उज्जैन-इंदूर केलं तर 110 किलोमीटरचे पैसे आम्हालाच मिळतात, तेव्हा आमचा फायदा कशात आहे ते बघा.

फोन कराल तेव्हा रेल्वेचं तिकीट आणि आरतीची तारीख हाताशी ठेवा. बरोबर कोणी गुडघेदुखीवाले असतील तर तेही सांगा, ओंकारेश्वरला चालणं बरंच आहे. रात्रींचा तक्ता आम्ही व्हॉट्सॲपवर लिहून पाठवतो, त्याचे पैसे नाहीत. गाडी दुसऱ्याची घेतलीत तरी तक्ता वापरा.