हायटस हर्निया: जठर जागा सोडते तेव्हा

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल हा स्नायूंचा घुमटाकार पडदा असतो. त्यातल्या एका छिद्रातून अन्ननलिका खाली उतरून जठराला मिळते. हे छिद्र सैल पडून जठराचा वरचा भाग छातीत सरकला की झाला हायटस हर्निया. वाढते वय, लठ्ठपणा, गरोदरपण, जुनाट खोकला, शौचाला कुंथणे यांमुळे त्याची शक्यता वाढते. अनेकांना काहीच त्रास होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, तो सापडतो आणि तेव्हा उपचारांची गरजही नसते.

त्रास होतो तो का? अन्ननलिकेच्या तळाशी झडपेचे काम करणारा स्नायू असतो आणि श्वासपटल त्याला बाहेरून आवळून धरते. जठर वर सरकले की या दोघांची फारकत होते आणि झडप एकटी पडते. शिवाय जेवणानंतर अन्नावर ताज्या आम्लाचा थर साचतो. तो वर सरकलेल्या भागात अडकला, तर अन्ननलिकेत शिरायला त्याला फारसा अडसर उरत नाही. मग छातीत जळजळते, आंबट पाणी घशाशी येते.

या त्रासावर डॉक्टर देतात ती रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी आम्ल कमी करते, जठर खाली आणत नाही. हे रुग्णाला स्पष्ट सांगितले जायला हवे, असे मला मनापासून वाटते. कारण मग बाकीच्या सूचना पटतात. झोपण्याआधी २ ते ३ तास खाऊ नये, एका वेळी पोट गच्च भरू नये. पलंगाची डोक्याकडची बाजूच १५ ते २० सेंटिमीटर उचलावी. नुसत्या उशा रचल्या तर शरीर कमरेत वाकते आणि पोटावरचा दाब उलट वाढतो. डाव्या कुशीवर झोपल्यास जठर अन्ननलिकेच्या खालच्या बाजूला राहते. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याचा फायदा मोठा.

एवढ्यानेही भागले नाही, तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करतात: जठर खाली ओढून छिद्र शिवतात आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. गुंडाळण्याची ही पद्धत रुडॉल्फ निसेन यांनी १९५६ मध्ये मांडली.

एक प्रकार मात्र वेगळा. त्यात जठर अन्ननलिकेच्या शेजारून वर चढते आणि क्वचित पिळवटते. छातीत किंवा पोटात असह्य कळा, उमासे येऊनही उलटी न होणे, ही त्याची लक्षणे. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे. छातीतले नवे दुखणेही हर्नियाच्या माथी मारू नये, आधी हृदय तपासून घ्यावे.