आयात मांसाची तपासणी व लेबलांकन

परदेशातून आलेले ताजे, थंड केलेले, गोठवलेले वा प्रक्रिया केलेले मांस खाण्यास निर्धोक आहे का हे ठरवण्याची, तसेच त्याचा उगम वेष्टनावर नोंदवण्याची पद्धती. उगमदेशाचे नाव म्हणजे निर्धोकपणाचा दाखला नव्हे.

या पद्धतीचा उगम वादग्रस्त आहे. मानवाला डुकराच्या मांसातून ट्रिकिनेला कृमीची बाधा होते, हे १८६० मध्ये ड्रेस्डेनच्या फ्रीड्रिख त्सेंकर यांनी दाखवले. १८६५ मध्ये प्रशिया या जर्मन राज्यातील हेडर्सलेबेन गावी या रोगाने सुमारे शंभर माणसे दगावली. जर्मन रोगशास्त्रज्ञ रूडोल्फ फिरखो यांनी सूक्ष्मदर्शक तपासणीचा आग्रह धरला आणि प्रशियाच्या अनेक भागांत ती रुजली. पुढे याच कृमीचे कारण देत इटलीने १८७९ मध्ये, जर्मनीने १८८० पासून टप्प्याटप्प्याने व फ्रान्सने १८८१ मध्ये अमेरिकी डुकराच्या मांसावर बंदी घातली. काही अभ्यासक ही बंदी म्हणजे देशी शेतकऱ्यांना दिलेले संरक्षण मानतात. जर्मनीने १८७९ मध्येच शेतमालावर जकात बसवली होती आणि १८९१ मध्ये बंदी उठली ती अमेरिकेने जर्मन बीट साखरेला दिलेल्या सवलतीशी जोडूनच, हे त्यांचे आधार. मात्र देशी मांसही तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली जात होते. त्यामुळे आरोग्याचे कारण निव्वळ सबब होते, असे म्हणणे कठीण दिसते. अमेरिकेने १८९०–९१ मध्ये निर्यातीसाठी तपासणीचे कायदे केले, ते बहुतांशी या दडपणामुळेच.

आज जागतिक व्यापार संघटनेचा १९९५ चा आरोग्यविषयक करार व अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाची (स्थापना १९६३) मानके पायाभूत मानली जातात. आयातदार देश निर्यातदाराची कत्तलखाना-तपासणी आपल्या तोडीची आहे का, हे आधी पाहतो. बंदरावर कागदपत्रे व शिक्के जुळवतात. प्रत्यक्ष नमुने मोजक्याच खेपांचे घेतात. प्रयोगशाळेत साल्मोनेला हे रोगकारक जिवाणू, प्रतिजैविकांचे व संप्रेरकांचे अवशेष शोधतात. ट्रिकिनेलासाठी स्नायूचा तुकडा पेप्सिन व हायड्रोक्लोरिक आम्लात पचवून अळ्या पाहतात. जिवाणू खेपेत सारखे पसरलेले नसतात, म्हणून निर्दोष नमुन्यावरून सारी खेप शुद्ध ठरत नाही. कत्तलखान्यातील पशुवैद्यकाची जागा बंदर घेऊ शकत नाही.

लेबलाला बळ मिळाले ते ‘वेड्या गाई’च्या रोगानंतर (गुरांच्या मेंदूचा, गोमांसातून माणसालाही होऊ शकणारा रोग). युरोपीय संघाने २००० च्या नियमाने गोमांसावर जन्म, संगोपन व कत्तल यांचे देश लिहिणे बंधनकारक केले. डुक्कर, शेळी-मेंढी व कोंबडीच्या ताज्या व गोठवलेल्या मांसावर एप्रिल २०१५ पासून संगोपन व कत्तलीचा देश लिहावा लागतो. अमेरिकेने मात्र कॅनडा व मेक्सिकोशी झालेला वाद हरल्यावर गोमांस व डुकराच्या मांसावरील सक्ती डिसेंबर २०१५ मध्ये मागे घेतली.

खिमा व तयार पदार्थांत माग तुटतो. २०१३ मध्ये आयर्लंडच्या तपासणीत गोमांसाच्या बर्गरमध्ये घोड्याचा डीएनए सापडला. एका नमुन्यात घोड्याचे मांस २९ टक्के होते. डीएनएवरून प्राण्याची जात कळते, देश नव्हे. देशासाठी ऑक्सिजन व हायड्रोजनच्या स्थिर समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचे) प्रमाण मोजतात आणि त्या त्या प्रदेशातील खात्रीच्या नमुन्यांशी ताडून पाहतात.