काठावरची वीज आणि पाण्यावरचा सांधा

उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात गेलं की करमाळा-माढ्याकडच्या शेतकऱ्यांच्या मागं एक काम लागतं. पाणी मागं सरकतं, मग मोटार पुढं न्यायची, पाइप वाढवायचा आणि केबलला नवा तुकडा जोडायचा. केत्तूरच्या बाजूला एका मे महिन्यात मी अशी एक केबल विजेच्या पेटीपासून पाण्यापर्यंत चालत पाहिली. सात सांधे होते. पाचांना काळी चिकटपट्टी, एकाला सायकलच्या ट्यूबची पट्टी, आणि सातवा तसाच ओल्या चिखलात. त्या मोटारीचं वाइंडिंग उन्हाळ्यात दोनदा जळलं होतं. मालकांची तक्रार एकच, "व्होल्टेजच डाऊन येतंय." पेटीपाशी मीटर लावला तर दोन फेजमध्ये ४१० व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. मोटार चालू असताना तिच्या टोकाला मोजले तेव्हा ३४० भरले. मधले ७० व्होल्ट त्या सात सांध्यांनी आणि बारीक तारेनं खाल्ले होते.

हाच आजार मला पुन्हा भेटला तो फार लांबून आलेल्या एका फोटोत. माझा भाचा युरोपात मरीनावर, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यावर कामाला आहे. तिथं बोट काठाला लागली की इंजिन बंद करतात आणि धक्क्यावरच्या खांबातून केबल ओढून आतला फ्रिज, चार्जर, हीटर चालवतात. याला शोअर पॉवर म्हणतात. प्लग निळा, तीन पिनांचा, १६ अँपियरचा. भाच्यानं विचारलं होतं, "मामा, खांबावर २३० येतंय, बोटीतपण २३० दाखवतंय, पण हीटर लावला की दिवे मंद होतात. तुम्ही सांगा, कुठं बघू?" सोबतच्या फोटोत निळ्या प्लगच्या एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन ओघळलं होतं. उत्तर त्या फोटोतच होतं.

मीटर २३० दाखवतो आणि तरी वीज पोचत नाही, हे कोडं पुष्कळ वायरमनलाही चकवतं. तारेत किंवा सांध्यात किती व्होल्ट गळणार हे दोन गोष्टींवर ठरतं, तिथला रोध आणि तिथून वाहणारा प्रवाह. दोन्हींचा गुणाकार म्हणजे गळती. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, अँपियरच्या हजारांव्या भागाहूनही कितीतरी कमी. त्यामुळं केबलचा एकच केसाएवढा धागा शिल्लक असला तरी मीटर खुशाल २३० दाखवणार. हीटर लावला, आठ-नऊ अँपियर वाहू लागले, की त्या धाग्याची कुवत उघडी पडते. म्हणून व्होल्टेज मोजायचं ते लोड चालू असतानाच. बिनलोडचा आकडा पाहून "लाइन बरोबर आहे" असं म्हणू नये, असं मी पोटतिडकीनं सांगतो, कारण त्या एका वाक्यापायी कित्येक मोटारी विनाकारण रिवाइंडिंगला जातात.

आता त्या वितळलेल्या पिनेकडं जवळून बघू. समजा पिन आणि सॉकेट यांच्यातला रोध फक्त ०.१ ओहम आहे. १६ अँपियर वाहताना तिथं गळणारं व्होल्टेज १.६, म्हणजे मीटरवर लक्षातही येणार नाही. पण उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते. १६ गुणिले १६ गुणिले ०.१, म्हणजे साधारण २५ वॅट. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कथील-शिशाची कल्हई वितळवणारा सोल्डरिंग आयर्न असतो तो एवढ्याच वॅटचा. तो प्लगच्या पोटात खुपसून रात्रभर चालू ठेवला असं समजा. तापलेल्या धातूवर काळपट ऑक्साइड धरतो, त्यानं रोध वाढतो, म्हणून आणखी ताप. सॉकेटमधली पितळी पट्टी तापून मऊ पडते, पिनेवरची तिची पकड सुटते, म्हणून पुन्हा ताप. बोटीच्या बाबतीत भर ही, की लाटांनी बोट डुलते आणि ढिली पिन चोवीस तास हलत राहते. बिघाडाची पहिली खूण बहुधा नाकाला कळते. प्लास्टिक-बेकेलाइट तापू लागलं की खराब झालेल्या मासळीसारखा वास येतो. घरात मासळी नसताना हा वास आला तर गीझरचा प्लग आधी बघा.

शोध घ्यायचा तो काठाकडून पाण्याकडं, पायरी-पायरीनं. भाच्याला मी सांगितलं ते असं. बोटीत हीटर चालू ठेव आणि आधी खांबावर मोज. तिथंच व्होल्टेज कोसळलं तर दोष धक्क्याचा, बोट उघडत बसू नकोस. खांबावर ठीक असेल तर केबल जिथं बोटीत शिरते तिथं मोज, मग आतल्या स्विचबोर्डवर. ज्या दोन जागांमध्ये आकडा पडतो, त्यांच्या मधेच दोष. अर्धा तास लोड चालवून, मग खांबावरचा स्विच पाडून, प्लग काढून पिनांना हात लाव. एक पिन दुसरीपेक्षा गरम लागली की चोर सापडला. चालू लाइनवर मोजमाप करण्याचं काम मात्र हात बसलेल्या वायरमनचंच आहे. आणि काळी पडलेली पिन पॉलिशपेपरनं घासून पुन्हा वापरू नये. सॉकेटची पट्टी एकदा मऊ पडली की ती पकड परत येत नाही, प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलायचे.

केबलची जाडी आणि लांबी यांचा हिशेब सोपा आहे. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण साडेसात ओहम. ५० मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन १०० मीटर तार, १० अँपियरला सात-साडेसात व्होल्ट गळती. तीच तार एक चौरस मिलिमीटरची घेतली तर गळती १८ व्होल्ट. इंडक्शन मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं घटतो, म्हणून व्होल्टेज ८० टक्क्यांवर आलं की जोर ६४ टक्क्यांवर येतो, मोटार जास्त प्रवाह ओढते आणि वाइंडिंग भाजतं. उरलेली केबल गुंडाळी करून ठेवण्याची सवयही वाईट, आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात तर केबलची सुरुवातच ४३-४४ अंशांपासून होते.

दुसरी मोठी तक्रार असते, ईएलसीबी, म्हणजे गळती दिसली की वीज तोडणारा स्विच, सारखा पडतो. त्याचं काम म्हणजे हजेरी घेणं. फेजमधून जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, हे तो एका लोखंडी कड्यावरच्या वेटोळ्यानं तपासतो. ३० मिलिअँपियर गैरहजर दिसले की पुरवठा तोडतो. गैरहजर प्रवाह कुठं गेला? बहुतेक वेळा पाणी तापवायच्या कॉइलमधून, ओल्या सांध्यातून, नाहीतर बोटीत कुणीतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधून ठेवले म्हणून अर्थच्या वाटेनं. सगळी उपकरणं काढा, एकेक लावत जा. सकाळी दव असताना पडतो आणि दुपारी राहतो, तर ओल शोधा. वैतागून तो बायपास करणारे लोक मला माहीत आहेत, आणि त्यांची मला खरोखर भीती वाटते.

भीती का, ते आपल्या जमिनीवरून सांगतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि त्याचा रोध ४० ओहमवर सहज जातो. मोटारीच्या बॉडीत फेज उतरला तर अशा अर्थिंगमधून पाच-सहा अँपियरच वाहतील. १६ अँपियरचा फ्यूज त्याला दाद देत नाही. बॉडी जिवंत राहते, दिवसेंदिवस. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतणं हवंच, पण असा फेज ओळखून तोडतो तो ईएलसीबीच. बोटीला तर स्वतःची जमीनच नसते, तिची अर्थिंग केबलमधून काठावरून येते.

त्या अर्थच्या तारेचा एक दुष्परिणामही आहे. धक्क्यावरच्या सगळ्या बोटी तिच्यामुळं एकमेकींना जोडल्या जातात, आणि पाणी, एका बोटीचं ॲल्युमिनियम, दुसरीचं पितळ मिळून एक मोठी बॅटरी तयार होते. त्यातला जास्त क्रियाशील धातू झिजत जातो. जहाजाचं तांबं वाचवायला जस्त किंवा लोखंड जोडून ते आधी झिजू द्यायचं, ही युक्ती ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये मांडली. तांबं वाचलं, पण तांब्याचं विष पाण्यात उतरणं थांबल्यामुळं जहाजाच्या तळाला शिंपले-शेवाळ भरपूर चिकटलं! आज बोटींना जस्ताचे, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे तुकडे लावतात, आणि अर्थच्या वाटेत डायोड बसवून तो बारीक प्रवाह अडवतात. अर्थची तार कापून टाकणं हा मात्र त्यावरचा इलाज नव्हे.

कारण पाण्यात उतरलेली वीज गोड्या पाण्यात जास्त घातक असते. समुद्राचं पाणी माणसाच्या शरीरापेक्षा कितीतरी चांगलं वाहक, म्हणून प्रवाह शरीराला वळसा घालून पाण्यातूनच जातो. उजनीचं पाणी गोडं. रक्त-मांसातल्या क्षारांमुळं इथं शरीरच सोपी वाट ठरतं. दहा-पंधरा मिलिअँपियरला स्नायू आखडतात, पट्टीचा पोहणाराही हात मारू शकत नाही, आणि बाहेरून ते साधं बुडणंच वाटतं. म्हणून चालू मोटारीच्या आसपास पोरांना पोहू देऊ नये. पाण्यात झिणझिण्या आल्या तर मोटारीकडं किंवा धक्क्याकडं न जाता आल्या वाटेनं मागं फिरावं. कुणी आखडलेला दिसला तर उडी न मारता आधी पेटीचा मेन स्विच पाडायचा, आणि मग कोरडा बांबू किंवा दोर पुढं करायचा. केबल लावतानाही हाच विचार धरावा. आधी बोटीकडचं टोक, मग काठाकडचं. काढताना उलट, म्हणजे पाण्यावर ओणवं झालेल्या माणसाच्या हातात जिवंत प्लग कधीच येत नाही.