लेदरवूडचा मकरंद

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटाच्या पश्चिमेला क्वीन्सटाउन नावाचं खाणीचं गाव आहे. तिथे वर्षाला साधारण 2,400 मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा मुंबईच्या जवळपासचा. पण मुंबईत तो चार महिन्यांत कोसळतो, तर इथे थंडीसोबत बाराही महिने पडत राहतो. या भागातल्या ओल्या रानांत लेदरवूड नावाचं झाड वाढतं. टास्मानिया सोडून जगात कुठेही ते आपणहून उगवत नाही.

युक्रिफिया ल्युसिडा हे त्याचं शास्त्रीय नाव. कुठे ते झुडूपच राहतं, दाट रानात मात्र उंच झाड होतं. डोंगरमाथ्याकडे त्याचं खुजं भावंड भेटतं, युक्रिफिया मिलिगानी. ग्रीकमध्ये युक्रिफिया म्हणजे ‘नीट झाकलेलं’. कळीवर निदलांची जुळलेली टोपी असते आणि उमलताना ती अख्खी गळून पडते. आत चार पांढऱ्या पाकळ्या, मधोमध पुंकेसरांचा झुबका आणि सुगंध. बहर जानेवारी ते मार्च, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात.

या झुडपाचे नातेवाईक थेट चिलीत आहेत. तिथला उल्मो याच कुळीचा, आणि त्याचाही मध नावाजलेला. मधे अख्खा पॅसिफिक महासागर असताना हे नातं टिकलं, कारण हे भूभाग एकेकाळी गोंडवन या महाखंडात जोडलेले होते. ते नाव मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून पडलं. आपले चंद्रपूर आणि गडचिरोली त्याच मुलखातले. इतक्या दूरच्या फुलाच्या वंशकथेत आपल्याकडचं नाव यावं, याचा मला फार आनंद होतो.

बहर आला की मधपाळ मधपेट्या ट्रकवर लादून रानाच्या कडेला नेऊन ठेवतात. ही मधमाशी मूळची युरोपातली, 19व्या शतकात बेटावर आणलेली. टास्मानियाच्या एकूण मधात मोठा वाटा लेदरवूडचाच असतो. तीव्र वासाचा, मसालेदार चवीचा मध.

पण फूल आलं म्हणजे मकरंद आला, असं इथे होत नाही. साधारण 75 वर्षांचं होईपर्यंत झाड फारसा मकरंद देत नाही; भरघोस देतात ती शतक ओलांडलेली झाडं. म्हणून जुनं रान तोडून नवी लागवड केली तरी मधपाळाच्या हयातीत काही हाती लागत नाही. आगीपुढेही हे झाड नाजूकच. जानेवारी 2019 मध्ये, ऐन बहरात, कोरड्या, म्हणजे पावसाविना पडलेल्या, विजांनी वणवे पेटले. त्या मोसमात बेटावरचं सुमारे दोन लाख हेक्टर क्षेत्र जळालं, लेदरवूडची रानंही त्यात गेली. त्या राखेत उगवलेलं रोप मकरंदाला येईल 2095च्या सुमारास.