मेडिकलची फी, ट्रस्टची मदत आणि कर्ज : फाइल घेऊन येण्याआधी एवढे वाचा

नीटचा निकाल लागला की आमच्या दादरच्या ऑफिसातला फोन खणखणू लागतो. पहिला प्रश्न ठरलेला : "पूर्ण फी भरेल असा एखादा ट्रस्ट सांगा ना." असा ट्रस्ट आमच्या पाहण्यात नाही. मेडिकलची फी चार ठिकाणांहून जमवावी लागते. शासनाची सवलत, ट्रस्टची किंवा एखाद्या कंपनीच्या फाउंडेशनची शिष्यवृत्ती, बँकेचे कर्ज आणि उरलेले घरचे. ही मोट बांधून देणे हेच आमचे काम. पण हल्ली आमचा बराच वेळ फॉर्म भरण्यात जातच नाही. तो एकाच गोष्टीची, म्हणजे कागदागणिक बदलणाऱ्या उत्पन्नाच्या आकड्याची, निस्तरानिस्तर करण्यात जातो, आणि हे पत्रक त्यासाठीच काढले आहे.

एक घर, तीन उत्पन्ने

पालक फाइल उघडतात तेव्हा तहसीलदारांच्या दाखल्यावर समजा ३ लाख ६० हजार लिहिलेले असते. वडिलांच्या फॉर्म १६ वर, म्हणजे कंपनीने दिलेल्या पगार आणि कापलेल्या कराच्या दाखल्यावर, ७ लाख ४० हजार. आई घरी शिकवण्या घेते, ते कुठेच नाही. गावाकडे सातबाऱ्यावर नाव आहे, तेही नाही. ट्रस्टच्या ऑफिसातला माणूस हे कागद शेजारी शेजारी ठेवतो आणि फाइल बाजूला सारतो. बहुतेक वेळा कारणही कळवत नाहीत. पालकांना वाटते वशिला कमी पडला.

यात दर वेळी लबाडी असते असे नाही. दाखला अकरावीच्या प्रवेशासाठी काढलेला असतो, म्हणजे उत्पन्न जुन्या वर्षाचे. पगार विचारला की लोक हातात येणारी रक्कम लिहितात. भविष्य निर्वाह निधी आणि सोसायटीचा हप्ता कापून उरलेली. शिष्यवृत्तीला मात्र कापण्याआधीचा पगार लागतो, आणि आई-वडील दोघांचा मिळून. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी कुटुंबाच्या उत्पन्नात ते मोजतात.

सगळ्यात अवघड केस धंदेवाल्या घरांची. घराच्या कर्जासाठी आयकर रिटर्न भरताना उत्पन्न चांगले दाखवलेले असते, कारण बँकेला तेच हवे असते. दोन वर्षांनी मुलगी मेडिकलला जाते तेव्हा तेच उत्पन्न कमी असायला हवे होते असे वाटू लागते. शैक्षणिक कर्जासाठी वडील सहकर्जदार म्हणून बसणार, तिथे रिटर्न लागणार. शिष्यवृत्तीला दाखला लागणार. आणि दोन्ही कागद एकाच पॅनकार्डाच्या माणसाचे. बँकेत एक आणि ट्रस्टमध्ये दुसरे, हे आता फार काळ लपत नाही.

ओबीसी कुटुंबांसाठी आणखी एक. नॉन-क्रीमी लेयरचा दाखला म्हणजे उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्याचा पुरावा नव्हे. त्या उत्पन्नाच्या कसोटीत पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. शिष्यवृत्तीत दोन्ही धरतात. म्हणून नॉन-क्रीमी लेयर हातात असूनही फीची सवलत नाकारली जाऊ शकते, आणि त्यात ऑफिसचे काही चुकलेले नसते.

हा आकडा इतका का महत्त्वाचा? कारण कुठले दार उघडेल ते तोच ठरवतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख. शैक्षणिक कर्जावरच्या केंद्राच्या व्याज अनुदानाला साडेचार लाख. कोटक कन्या शिष्यवृत्ती, जी हुशार मुलींना वर्षाला दीड लाखापर्यंत देते, तिला ६ लाख. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला ८ लाख. रिलायन्स फाउंडेशनची पदवीसाठीची शिष्यवृत्ती तर १५ लाखांपर्यंतच्या कुटुंबांना खुली आहे, आणि नेमकी तीच मध्यमवर्गीय पालक "आपल्याला कोण देणार" म्हणून सोडून देतात. खरा आकडा ७ लाख ४० हजार असेल तर रडण्यासारखे काही नाही. यातली दोन-तीन दारे तरी उघडी असतात. उत्पन्न ३ लाख ६० हजार दाखवून मात्र सगळीच बंद करून घेता येतात.

मग करायचे काय? चालू वर्षाला लागू होणारा उत्पन्नाचा दाखला नव्याने काढा. उपनगरात राहत असाल तर अंधेरी, बोरिवली किंवा कुर्ला यांपैकी तुमच्या तालुक्याच्या तहसील कार्यालयातून, अर्ज आपले सरकार पोर्टलवर नाहीतर सेतू केंद्रात. अर्जात दोघांचे उत्पन्न लिहा. त्याच वर्षाचे रिटर्न आणि फॉर्म १६ सोबत ठेवा. आकड्यांत खरोखरच फरक पडत असेल, म्हणजे मधल्या काळात नोकरी गेली, गाळा बंद झाला, तर त्याचे कारण एका पानावर लिहून कागदाला कागद जोडा. कारण समजले की ट्रस्टवाले ऐकतात, असा आमचा अनुभव आहे. हे एक पान आम्ही तुमच्यासोबत बसून तयार करतो. त्यामुळेच आमची पहिली बैठक लांबते, आणि त्यामुळेच व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोंवरून आम्ही फाइल घेत नाही.

"दाखला थोडा कमी करून मिळेल का?" असे विचारणारेही येतात. नाही. तसे करून देणारे या शहरात आहेत हे आम्हाला माहीत आहे. पण खोट्या दाखल्यावर मिळालेली रक्कम वसूल होते आणि मुलाच्या नावावर शेरा राहतो.

ट्रस्टची यादी मागणाऱ्यांसाठी

यादी आम्ही देतो, पण आंधळेपणाने नाही. बारावी झालेल्या मुलाने जे. एन. टाटा एन्डाउमेंटला अर्ज करण्यात अर्थ नसतो. ती परदेशातल्या उच्च शिक्षणासाठी पदवीधरांना मिळणारी कर्ज-शिष्यवृत्ती आहे, आणि कर्ज या शब्दावर लक्ष द्या : ती फेडायची असते. १८९२ साली ती सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉक्टर कृष्णाबाई केळवकर होत्या, म्हणजे मेडिकलशी तिचे नाते जुने आहे. एमबीबीएस करून पुढे परदेशी जाणाऱ्यांनी ती जरूर पाहावी. के. सी. महिंद्रा ट्रस्टची परदेशासाठीची शिष्यवृत्तीही पदव्युत्तर शिक्षणालाच आहे.

ज्ञातीचे ट्रस्ट, गावाची मुंबईतली मंडळे, वडिलांच्या कंपनीचा कल्याण निधी यांना लोक विसरतात. रक्कम लहान असते, पण पुस्तकांचा आणि होस्टेलचा खर्च निघतो. चेक बहुधा कॉलेजच्या नावाने निघतो आणि प्रवेशानंतरच, म्हणून बोनाफाइड, फीची पावती आणि कॉलेजचा फी-तक्ता हे तिन्ही हाताशी ठेवा.

मुलींसाठी ठळक गोष्ट : २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला हवा. खाजगी अभिमत विद्यापीठांना हे लागू नाही, व्यवस्थापन कोट्यालाही नाही. नवी मुंबईतल्या अभिमत कॉलेजात जागा घेऊन मग आमच्याकडे सवलत मागायला येऊ नका. जागा निवडण्याच्या आधी या.

कर्ज

पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. सरकारच्या यादीतल्या दर्जेदार संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला असेल तर तारण आणि जामीनदार लागत नाही. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत मिळू शकते. मात्र शासनाची दुसरी शिष्यवृत्ती किंवा फी-सवलत घेत असाल तर ही व्याज सवलत मिळत नाही. दोन्हीकडे अर्ज टाकून बसणारे शेवटी दोन्हीकडे अडकतात. कोणती घेतली तर जास्त पैसे वाचतात, हा हिशेब आम्ही अर्ज करण्याआधी मांडून देतो.

हप्ते बहुतेक बँकांत शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते. जमले तर ते दरमहा भरत जा. काही बँका त्याबद्दल दरात थोडी सूटही देतात. फेडलेल्या व्याजावर जुन्या करपद्धतीत आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. मामाकडून उसने घेतलेल्या पैशांवर ती मिळत नाही.

कर्जमाफीबद्दल

मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहून आलेले पालक विचारतात, सरकारी दवाखान्यात दहा वर्षे काम केले तर कर्ज माफ होते ना? होते, तिथल्या लोकांचे. २००७ साली सुरू झालेल्या 'पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस' या योजनेत सरकारी किंवा ना-नफा संस्थेत नोकरी करत १२० पात्र हप्ते भरले की उरलेले कर्ज माफ होते; पण ते कर्ज अमेरिकेच्या केंद्र सरकारनेच दिलेले असावे लागते, आणि असे कर्ज तिथल्या नागरिकांना व कायम रहिवाशांसारख्या मोजक्या लोकांना मिळते. दादरच्या बँकेतून काढलेले कर्ज तिथे कितीही सेवा केली तरी माफ होत नाही. आपल्या डॉक्टरांना तिकडच्या मागास भागात तीन वर्षे काम केल्यावर जी सूट मिळते ती व्हिसाची आहे, दोन वर्षे मायदेशी परतण्याच्या अटीतून. कर्जाशी तिचा संबंध नाही.

इकडे लोक बाँडलाही, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सेवेच्या करारालाही, कर्जमाफी समजतात. जेजे, केईएम, सायन, नायर, कूपर इथे एमबीबीएस केले की वर्षभर शासकीय सेवा करावी लागते, नाही केली तर १० लाखांचा दंड. सेवा केल्याने दंड टळतो, बँकेचा हप्ता टळत नाही. सेवेच्या बदल्यात शिक्षण खरोखर हवे असेल तर पुण्याचे एएफएमसी, म्हणजे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, पाहा : शिक्षणाचा खर्च लष्कराचा, नंतर लष्करात अधिकारी म्हणून ठरावीक वर्षे नोकरी. त्याची निवड नीटच्या गुणांवर आणि शिवाय वेगळ्या चाचणीने व मुलाखतीने होते, तेव्हा त्याचा विचार आधीपासून करावा लागतो.

आमची पद्धत

पहिली बैठक मोफत. त्यानंतरची फी ठरावीक असते आणि आधी सांगितली जाते. मंजूर रकमेतून टक्केवारी आम्ही घेत नाही. जो घेतो त्याला आकडा फुगवायचा मोह होतो. मंजुरीची हमीही देत नाही. दाखला, फॉर्म १६ आणि रिटर्न या तीन आकड्यांचा ताळा जुळेपर्यंत फाइल पुढे पाठवत नाही, यावरून काही ग्राहक रागावतात, पण परत आलेल्या फाइलपेक्षा आठवडाभराचा उशीर बरा, असे आमचे मत आहे.

येताना आणा : दोघांचे मागच्या दोन वर्षांचे रिटर्न किंवा फॉर्म १६, असेल तो उत्पन्नाचा दाखला, जातीचा आणि नॉन-क्रीमी लेयरचा दाखला, अधिवासाचा दाखला, नीटचे गुणपत्रक, विद्यार्थ्याच्या नावाचे आधारशी जोडलेले बँक खाते. मूळ प्रती आणा, पाहून परत देतो. जुलै ते सप्टेंबर गर्दी असते. एप्रिल-मे मध्ये आलात तर दाखल्यांची कामे निकालाच्या आधी उरकतात. फोन करून वेळ ठरवून या, आणि शक्यतो आई-वडील दोघेही या, कारण आकडे दोघांचे लागतात.